गव्याचे नुसते मोजे छापून आले : कॅनव्हासच्या या चुका टाळा

१ जुलैला मध्य प्रदेशातल्या जंगलांचे गाभाक्षेत्र पर्यटकांना बंद होते आणि माझ्याकडची वर्दळ सुरू होते. उन्हाळाभर कान्हा, पेंच, सातपुडा पालथा घातलेली मंडळी हार्डडिस्क घेऊन इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या माडीवर चढतात. "ताई, हा वाघ हॉलमध्ये लावायचाय. पाच फूट. रविवारी वास्तुशांत आहे." आणि हे सांगत असतात शुक्रवारी.

मी स्वतः छापत नाही. छापणारा वेगळा, चौकटीवर ताणणारा वेगळा. मी फक्त फोटोची फाईल कॅनव्हासवर छापण्यासाठी तयार करून देते. पण कॅनव्हास बिघडला की पहिला फोन मलाच येतो, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

अंधार

सगळ्यात जास्त फोटो यात बुडतात, आणि पहिला बुडाला तो माझाच.

सातपुड्यात, मढईला देनवा नदी नावेने ओलांडून आत गेलो होतो. सकाळचं कोवळं ऊन अजून सागांच्या शेंड्यांवरच होतं आणि खाली सावलीत एक गवा उभा. पूर्ण वाढलेला नर म्हणजे जवळजवळ काळाच, अंगावर तेल चोपडल्यासारखी चमक, आणि गुडघ्यांपासून खाली पांढरे मोजे. घरी आले, रात्री अकरा वाजता दिवा बंद करून लॅपटॉप उघडला, ब्राइटनेस पूर्ण. खांद्यावरच्या स्नायूची घडी दिसत होती, डोळ्याजवळ बसलेली माशी दिसत होती. तसाच पाठवला, ६० बाय ४० इंच.

गुंडाळी आली ती मी जमिनीवर सोडली. मागचं गवत सुरेख आलं होतं. गव्याच्या जागी मात्र काळा डाग, वर शिंगांचा थोडा पिवळेपणा आणि खाली चार पांढरे तुकडे. आई आतून आली, चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मोजे कुणाचे वाळत घातलेत?"

झालं होतं असं, की पडदा स्वतः उजेड फेकतो आणि कॅनव्हास खोलीतला उजेड फक्त परत देतो. त्यातून मॅट कॅनव्हासचा काळा तितकासा खोल नसतो. त्यामुळे पडद्यावर गडद तपकिरीच्या ज्या दहा पायऱ्या वेगळ्या दिसतात, त्या कापडावर येईपर्यंत तीन उरतात. अंधाऱ्या खोलीत भगभगीत पडदा पाहणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. फोटो मुळात काळोखा आहे हे तिथे कळतच नाही.

आता मी मॉनिटरचा उजेड १०० ते १२० कँडेलाच्या (उजेडाचं माप) दरम्यान ठेवते, कॅलिब्रेशनचं, म्हणजे पडद्याचा उजेड आणि रंग मोजून जुळवण्याचं यंत्र लावून, महिन्यातून एकदा. यंत्र नसेल तर एक कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि खोलीतल्या साध्या उजेडात बघा. पडद्यावरचा पांढरा ट्यूबलाइटसारखा आणि कागद मळका वाटत असेल तर ब्राइटनेस उतरवा, दोन्ही सारखे दिसेपर्यंत. सुरुवातीला सगळं मरगळलेलं वाटेल. वाटू दे.

मग शॅडो, म्हणजे गडद भाग, उचलायचे, थोडे उजळायचे. इथेही घाई करणारे पूर्ण फोटोवर स्लायडर ओढतात आणि जंगलात धूर झाल्यासारखं करून ठेवतात. मी फक्त प्राण्याभोवती मास्क करते, म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होतो. अंगावरचा जो भाग मला वाचता यायला हवा, तो ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) च्या मोजणीत २० च्या खाली जाऊ देत नाही. हा कुठला नियम नाही, माझ्या छापणाऱ्याच्या मशीनवर पोळून ठरवलेला आकडा आहे. तुमच्या छापणाऱ्याचा वेगळा असेल. त्याच्याकडे कॅनव्हासची प्रोफाईल (त्याच्या मशीनवर, त्या कापडावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) मागा आणि ती लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल त्याचा पडद्यावरचा अंदाज, बघा. प्रोफाईल म्हणजे काय असं त्यानेच विचारलं, तर दुसरा छापणारा शोधा.

आणि आधी चाचणीची एक पट्टी छापून घ्या. हे मी प्रत्येकाला सांगते आणि दहातले आठ जण मान डोलावून निघून जातात. पूर्ण फोटो लहान करून छापायचा नाही. ज्या मापात कॅनव्हास होणार त्याच मापातला, आठ इंच रुंदीचा एक तुकडा घ्यायचा. त्यात डोळा हवा, सगळ्यात काळी जागा हवी आणि सगळ्यात उजळ जागाही हवी. डोळा दुसरीकडे असेल तर दोन पट्ट्या. त्याच कापडावर छापून घ्यायची, आणि जिथे फोटो लागणार त्या भिंतीवर टाचणीने टोचून एकदा दुपारी, एकदा रात्री दिवा लावून पाहायची. "ताई, तेवढा वेळ नाही" म्हणणारा माणूस त्या वाघासाठी चार दिवस जीपमध्ये धूळ खात बसलेला असतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

तो गवा मी पुन्हा केला. या वेळी माशीसुद्धा आली.

चौकटीने खाल्लेली चोच

कॅनव्हास चौकटीवर ताणतात तेव्हा त्याच्या कडा बाजूंवर वळतात आणि मागे स्टेपल होतात. हे सगळ्यांना माहीत असतं, फाईल करताना कोणाच्याच लक्षात राहत नाही.

माझ्या मावसभावाच्या सुदामानगरच्या घरासाठी सारसाची जोडी केली होती, यशवंतसागरवरची. इंदूरचा हा तलाव आणि सिरपूर, दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेले, त्यामुळे तेव्हा घरोघरी सारसच हवे होते. फ्रेम मी मनासारखी घट्ट कापली. उजवीकडच्या सारसाची चोच कडेला जेमतेम टेकत होती, मला ते फार कलात्मक वाटलं. ताणून आलं आणि चोच वळणावरून पलीकडे गेली. समोरून पाहिलं तर बिनचोचीचा सारस, जिन्यातून वर येताना पाहिलं तर नुसती चोच. वहिनी काही बोलली नाही. तिने तिथे मनीप्लांट ठेवला.

हिशोब साधा आहे. समोरून ६० बाय ४० दिसायला हवं आणि चौकटीची जाडी दीड इंच. प्रत्येक बाजूला दीड इंच वळणाला, अर्धा इंच मागे स्टेपलला, म्हणजे कापड लागतं ६४ बाय ४४. कॅमेऱ्याचा ३:२ चा फोटो त्यात नेमका बसत नाही, ४४ उंची भरायची तर रुंदी ६६ होते. म्हणजे समोर दिसणाऱ्या भागाबाहेर डावी-उजवीकडे तीन-तीन इंच आणि वर-खाली दोन-दोन इंच फोटो जातो. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फाईलमध्ये हे बाजूंना पावणेतीनशे आणि वर-खाली साधारण १८० पिक्सेल होतात. मी एवढी चौकट गाईडच्या रेघा टाकून पडद्यावर आखते आणि शेपटी, कान, चोच, पंखाचं टोक तिच्याही चांगलं आत ठेवते. वळणाला चिकटलेली शेपटी कापलेल्या शेपटीपेक्षा वाईट दिसते.

जागाच नसेल तर कडा आरशासारखी उलटवून बाजूंवर लावतात. पाणी, गवत, धुकं असेल तर खपून जातं. कडेला पाय असेल तर पाचवा पाय उगवतो. अशा वेळी सरळ एकरंगी कडा घ्यावी, फोटोतलाच एखादा गडद मातकट रंग उचलून. काळी कडा मला आवडत नाही, शोकसभेतल्या फोटोसारखी वाटते.

७२ चे ३०० केले की झालं!

नाही झालं. फाईलमध्ये रिझोल्यूशन (इंचाला किती पिक्सेल) ७२ लिहिलंय की ३०० लिहिलंय हा नुसता आकडा आहे, गोणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा. चिठ्ठी बदलली म्हणून गहू वाढत नाही. मोजायचे ते पिक्सेल. ६००० पिक्सेल ६० इंचात पसरले तर इंचाला १०० पडतात, आणि कॅनव्हासला ते चालतात. कापडाची वीण बारीक तपशील तसाही गिळते. शिवाय ६० बाय ४० चा कर्ण ७२ इंच, त्याच्या दीडपट म्हणजे नऊ फुटांवरून माणूस तो बघणार. (नाक लावून बघतात ते फक्त दुसरे फोटोग्राफर. त्यांचं मनावर घेऊ नये.)

पण त्याच फोटोतला एकतृतीयांश रुंदीचा भाग तेवढा ठेवून वाघ "जवळ" आणला, की उरतात २००० पिक्सेल आणि इंचाला पडतात तेहतीस. तो वाघ दोन फुटांत छापा. लांब होता तर लांबच होता. गवतात लहानसा दिसणारा वाघ मोठ्या कॅनव्हासवर पुष्कळदा जास्त शोभतो, हे माझं मत कोणाला पटत नाही.

"मग एआयने मोठा करून द्या." देते, दुपटीपर्यंत, आणि मग शंभर टक्के झूमवर बसून चेहरा तपासते. कारण हे सॉफ्टवेअर नसलेले केस काढतं, मिशांना फाटे फोडतं, पिसांना खवल्यांसारखं करतं. गालावरचा पट्टाही ते आपल्या अंदाजाने जोडून टाकतं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यांच्यावरूनच कॅमेरा ट्रॅपमधला वाघ ओळखला जातो. तुम्ही चार दिवस थांबून पाहिलेला वाघ सोडून भलताच कोणीतरी भिंतीवर लावायचा असेल तर बाजारात पोस्टर मिळतात. नॉइज (फोटोतला दाणा) काढण्याचंही तसंच. थोडा दाणा राहिला तर कापडाच्या विणीत मिसळून जातो, पण घासून घासून गुळगुळीत केलेली कातडी पाच फुटांवर प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसते. मी पूर्ण साफ केलेला थर (लेयर) मूळ फोटोवर ठेवते, त्याची अपॅसिटी, म्हणजे झाकण्याचं प्रमाण, पन्नास टक्क्यांवर आणते आणि तिथे थांबते.

बाकीच्या थोडक्यात.

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाईल कॅनव्हासच्या कामाची नाही, ती पिचून येते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन या. चहा देईन.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, अंतिम मापाला आणल्यावर. कॅनव्हासला कागदापेक्षा चिमूटभर जास्त लागतं. शिंगाभोवती पांढरी रेघ दिसली की जास्त झालं.

सेन्सरवरची धूळ. मोबाईलवर दिसत नाही, पाच फुटांच्या आकाशात मात्र माशा बसल्यासारखी दिसते. शंभर टक्क्यांवर डावीकडून उजवीकडे, ओळीने, तांदूळ निवडतात तसं निवडायचं.

लाल रंग. सारसाची मान, धनेशाचा डोळा, पळसाची फुलं. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि एकटा लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो. मग मानेवरची खरबरीत कातडी जाऊन कुंकवाचा लेप उरतो. लालचं सॅच्युरेशन कमी करत जा, कातडीचा दाणा परत दिसला की हात काढा.

फाईलसोबत कलर प्रोफाईल जोडलेलीच असू द्या. छापणारा एसआरजीबी ही नेहमीची प्रोफाईल मागत असेल तर तीच द्या. जास्त रंग मावणाऱ्या अॅडोबी आरजीबीचा हट्ट धरून आलेल्यांचे फिकट वाघ मी पाहिले आहेत.

छापून आल्यावर लगेच ताणायला देऊ नका. मी एक दिवस सपाट पडू देते, मगच वरचा कोट आणि चौकट. ओल्या घाईत वळवलेल्या कडेवर शाईला चिरा पडतात आणि पांढरं कापड डोकावतं.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, मधे पोक येतो. तो खराब झालेला नसतो. चौकटीच्या मागे कोपऱ्यांत खाचा असतात, त्यांत लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकायच्या, चारही कोपरे थोडे थोडे, एकाच कोपऱ्यावर राग काढायचा नाही. पाचरींची पुडी मी चौकटीच्या मागेच टेपने चिकटवून देते, वर मोठ्या अक्षरांत "पाचरी" लिहून. तरी ऑगस्टमध्ये फोन येतो, "ताई, वाघाचं पोट सुटलंय."