बुजरं कुत्रं घरी आणताना

रेस्क्यू केलेलं बुजरं कुत्रं घरी येतं तेव्हा मोठी भीती चावण्याची नसते, निसटण्याची असते. तीही पहिल्याच दिवशी, गाडीचं दार उघडताना किंवा लिफ्टमध्ये शिरताना. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढत नाही, मागे सरकतं. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं असतं, त्यामुळे मान खाली घालून मागे हिसका दिला की साधा पट्टा कानांवरून अलगद निघून येतो. म्हणून गळ्यातला पट्टा आणि हार्नेस, म्हणजे छाती-पोटाभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज, दोन्ही घालायचे आणि दोन्हींना वेगळी दोरी लावायची. हार्नेस शक्यतो बरगड्यांच्या मागे जादा पट्टी असलेला घ्या. आत दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. पट्ट्याला तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला कुत्रं घरी आणण्याआधीच लावून टाका.

घरात त्याला एक कोपरा द्यायचा, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला. टेबलाखाली जुनी चादर आणि पाण्याचं भांडं पुरे. गॅलरीला जाळी नसेल तर गॅलरीचं दार बंदच. पहिले दोन-तीन दिवस पाहुणे नकोत, आंघोळ तर नकोच नको. शेजाऱ्यांना हौस असते, त्यांना गोडीत सांगा की काही दिवसांनी या.

जवळ जाण्याची घाई इथेच सगळे करतात. समोर वाकून डोक्यावर हात फिरवायला जाऊ नका. पाठ किंवा खांदा त्याच्याकडे करून जमिनीवर बसा, नजर दुसरीकडे ठेवा आणि उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा त्याच्या मागच्या बाजूला टाका. मागे, कारण खाऊ हातात धरला की ते भुकेपोटी जवळ येतं आणि जवळ आल्यावर दचकतं. मागे पडलेला तुकडा खाताना त्याला तुमच्यापासून लांब जायची मुभा मिळते, मग ते आपणहून परत वळतं. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं.

ओठ चाटणं, अवेळी जांभई, डोळ्याच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, जागच्या जागी ताठरणं, या खुणा दिसल्या की मागे व्हा. गुरगुरलं म्हणून ओरडू नका. गुरगुरणं बंद पाडलेलं कुत्रं पुढे न सांगता चावतं. झाडू उचलला की पोट जमिनीला टेकवून कोपऱ्यात जाणारी कुत्रीही पुष्कळ असतात. अशा घरात केर काढताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कुकर लावताना स्वयंपाकघराचं दार लोटून घ्या.

पहिला दिवस न खाणं, कित्येक तास शू धरून ठेवणं चालतं. पाणीच प्यायलं नाही, दोन दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा पिल्लू दिवसभर उपाशी राहिलं तर डॉक्टर गाठा. सुस्ती, ताप आणि फिक्या हिरड्या असतील तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा आजार फार आढळतो. नुसत्या दूध-पोळीवर भागत नाही, प्रथिनं लागतात. कांदा, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट वर्ज्य.

खर्चाचा अंदाज आधीच घ्या, कारण गावठी कुत्रं बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. रेबीजची लस दरवर्षी, बाकीच्या लसी आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. कानाचं टोक कापलेलं असेल तर नसबंदी बहुधा झालेली आहे. मुंबई-पुण्यात महापालिकेचा परवाना काढावा लागतो. नको झालं म्हणून रस्त्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

दिवाळीची तयारी महिनाभर आधी करा. भीतीवरचं औषध डॉक्टरांकडून घेऊन एखाद्या शांत दिवशी त्याची चाचणी घ्या. नुसती गुंगीची गोळी नको; तिने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते.

एवढं करूनही निसटलंच, तर मागे धावू नका, हाकाही मारू नका. जिथे शेवटचं दिसलं तिथे त्याची चादर आणि खाणं ठेवा, वॉचमन आणि चहावाल्यांना फोटो द्या आणि पहाटे रहदारी नसताना तिथे शांतपणे बसून राहा.