भुयाराचं तोंड कुठाय, ते आधी विचारा

जुन्या नाशकात कुठल्याही वाड्यात चहाला बसा, कप रिकामा व्हायच्या आत भुयार निघतं. कुणाचं सरकारवाड्यातून गंगेखालून, म्हणजे आमच्या गोदावरीखालून पंचवटीत जातं, कुणाचं सीतागुंफेतून थेट रामशेज गडावर. मी सिटी सर्व्हेत सव्वीस वर्षं मोजणी केली. सराफ बाजार, दहीपूल, तिवंधा, तिळभांडेश्वर गल्ली सगळं टेप धरून पालथं घातलं. भुयार एकही सापडलं नाही, पण जिथे जिथे भुयाराची गोष्ट होती तिथे बहुतेक वेळा काहीतरी पोकळ निघालं. ते पोकळ कसं शोधायचं, एवढंच सांगते.

‘इथे भुयार आहे का हो?’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येतं. विचारायचं, तोंड कुठाय? मग कळतं की आजोबांनी बुजवलं. कशाने बुजवलं? तेव्हा तिथे काय होतं, देवघर की मोरी? आणि हे घरातल्या पुरुषाला विचारून फारसा उपयोग नाही. तो पेशव्यांपासून सुरू करतो. सुनेला विचारा, म्हणजे सत्तरीच्या सुनेला. ज्या बाईने पन्नास वर्षं घरातला केर काढलाय, तिला कुठली फरशी बद्द वाजते ते झोपेतसुद्धा सांगता येतं.

मग कागद-पेन्सिल घ्या. रामशेजचंच बघा. पंचवटीपासून गड दहा किलोमीटरहून लांब, वर चारशे मीटरच्या आसपास चढ. माणूस उभ्याने जाईल असं मीटरभर रुंद आणि दोन मीटर उंच भुयार धरलं, तरी वीस हजार घनमीटर काळा दगड फोडावा लागेल. म्हणजे पन्नास हजार टनांच्या वर. तो टाकला कुठे? एवढी खडी पडली असती तर पेठ रस्त्याला आणखी एक टेकडी दिसली असती. दुसरा प्रश्न हवेचा. पेशव्यांना जमिनीखाली बांधता येत नव्हतं असं मुळीच नाही. कात्रजहून पुण्यात आणलेल्या पाण्याच्या नळातून माणूस चालू शकतो. पण त्याला ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेची धुराडी ठेवलीत, ते आजही दाखवता येतात. तुमच्या भुयाराचे उच्छ्वास दाखवा, मग बोलू.

आता पोकळ काय काय असतं. वाड्यात बळद असतं, भिंतीत किंवा जोत्यात धान्य साठवायची बंद जागा. वरून भरायची, खालच्या भोकातून काढायची. धान्य गेलं, भोक उरलं, की नातवंडांना ते भुयार वाटतं. अंगणात पेव असतं, जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा. लपवण्याच्या गोष्टींना इथे खराखुरा आधारही आहे: तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारतची मंडळी जमत, आणि २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातल्यावर शहरात धरपकड झाली. त्या दिवसांत काहीही लपवायला भुयार कशाला, बळद पुरतं.

रस्त्याखाली पोकळ हवं असेल तर रंगपंचमीला या. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी तेव्हा उघडतात. चांगले दगडी बांधलेले खोल हौद, वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद. वरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात, खाली काय आहे याचा पत्ता नाही. रंगपंचमीला रंगीत पाणी भरतात आणि पोरं धप्पा मारतात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो भुयारापेक्षा यावरच कमी विश्वास ठेवील.

आणि सरस्वती नाला. दहीपुलाचं नाव पूल का, हे किती जणांनी स्वतःला विचारलंय? खाली नाला आहे, झाकलेला, गंगेला मिळणारा. याच सरस्वतीने माझी फजिती केली. दहीपुलाजवळच्या एका वाड्यात आजी म्हणाल्या, श्रावणात रात्री भिंतीतून कुणीतरी कण्हतं. मी गेले मे महिन्यात. भिंत ठोकली, पोकळ वाजली, ऐटीत सांगून आले, ‘बळद आहे, घाबरू नका.’ ऑगस्टात मोठा पाऊस झाला आणि त्याच भिंतीच्या बुडातून त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं. ती नाल्याला जोडलेली कमानीची जुनी मोरी होती. पाणी चढलं की आतली हवा दाबली जाऊन गुरगुरायची. आजींचं कण्हणं खरं होतं, माझं बळद खोटं. तेव्हापासून एक उन्हाळ्यात आणि एक भर पावसात, अशा दोन फेऱ्या झाल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

भुतांसाठी टेप नको, घड्याळ हवं. आवाज किती वाजता, कुठल्या ऋतूत, किती वेळ, हे पंधरा दिवस लिहा. पत्र्याखालच्या सागवानी तुळया दिवसा तापतात आणि रात्री गार होताना कट्‌कट्‌ वाजतात. माळ्यावरून भुर्रकन गेलेली ‘पांढरी बाई’ बऱ्याचदा गव्हाणी घुबड असते. त्याच्या पंखांचा आवाज होत नाही, म्हणून जास्त भीती. आणि मधल्या मजल्यावर कुणी चालतंय असं वाटलं तर सकाळी कौलांखाली विष्ठा बघा. त्यात फळांच्या बिया असतील तर उदमांजर.

उतरायचं मात्र कशातच नाही. बंद पेवात, बळदात, जुन्या आडात हवा मेलेली असते. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली, हा समज कित्येकांच्या जिवावर बेतलाय. पावसाळ्यात पडायला आलेल्या वाड्यात आणि काझीच्या गढीच्या कडेला जाऊ नका. ती गढी म्हणजे माणसांच्या वस्तीचे थर साचून झालेलं मातीचं टेकाड. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ मध्ये तिथे रीतसर खणलं. आता दर पावसात तिची माती सुटते. आणि गुप्तधनाच्या नावाने कुणी लिंबू-नारळ घेऊन आला तर दार लावून घ्या. त्यासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. चुकून खरंच काही सापडलं, तर दहा रुपयांच्या वरच्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. कायदा १८७८ चा आहे, म्हणून दहा रुपये.

शोध लागल्यावर घरात तो कसा सांगायचा, हे मला अजून नीट जमत नाही. सोमवार पेठेत एका आजींना रोज रात्री जिन्यावर पावलं ऐकू यायची. ते त्यांचे वारलेले मालक, असं त्यांचं म्हणणं. मला माळ्यावर जांभळाच्या बियांचा ढीग मिळाला. मी त्यांच्या मुलाला फट दाखवली, कुठलं कौल बदलायचं तेही सांगितलं. आजी सुपारी कातरत ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘असेल बाई मांजर. पण पाचव्या पायरीवर दम खायला थांबतं का तुझं मांजर?’

माझ्या वहीत त्या वाड्यापुढे अशी नोंद आहे: उदमांजर. आजींना मान्य नाही.