बारा बोअरचं चेंबर आणि काडतुसाची लांबी

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एखादी जुनी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) बंदूक वारशानं हाती आली, की पहिला प्रश्न असतो काडतुसाचा. काडतूस आत गेलं, बंदूक मिटली, म्हणजे ते तिचंच असं धरू नका. 70 मिमीचं काडतूस 65 मिमीच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) सहज बसतं. धोका तिथेच आहे.

खोक्यावर छापलेली लांबी उडालेल्या काडतुसाची असते. तोंड मुडपलेलं नवं 70 चं काडतूस साठ मिमीच्या आसपासच भरतं. बार झाला की मुडप उलगडते. चेंबर आखूड असेल तर ती कड पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) आणि छर्ऱ्यांची वाट आवळते. दाब वाढतो, खांद्याला धक्का जोरात बसतो, जुन्या बंदुकीचा सांधा ढिला होत जातो.

आधी बंदूक रिकामी आहे ना, ते डोळ्यांनी आणि बोटानं पाहा. नळीखालचं लाकूड काढून नळी वेगळी करा, खालची सपाट बाजू रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि तिरप्या उजेडात धरा. तिथे ठोकलेला शिक्का वाचा: 65 (मिमी) किंवा 2½ (इंच) म्हणजे आखूड चेंबर, 70 किंवा 2¾ म्हणजे लांब. पण चेंबर मागाहून कोरलेलं असू शकतं, म्हणून शिक्क्यावर थांबू नका.

पातळ, ताठ प्लास्टिकची 20.2 मिमी रुंदीची पट्टी कापा. रुंदी व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायचं साधन) तपासा, पुढची कड काटकोनात हवी. ती चेंबरच्या बरोबर मधोमध सरळ आत सरकवा. निमुळता भाग सुरू होतो तिथे ती अडते. नळीच्या मागच्या कडेशी पेन्सिलची खूण करा आणि मोजा. गंज किंवा काजळी असेल तर माप आखूड येतं, म्हणून आधी ब्रश फिरवा. 66-68 असं अधलंमधलं माप आलं तर बंदूक 65 चीच समजा आणि परवानाधारक कारागिराकडून गेजनं (चेंबर मोजायचं ठरावीक मापाचं साधन) खात्री करून घ्या. चेंबर घरी कोरायचं नाही, काडतूस कापून आखूड करायचं नाही.

उडालेली टोपणंही (काडतुसांची रिकामी नळकांडी) बोलतात. तोंडाची कड झिरझिरीत, ताणलेली किंवा फाटलेली दिसली तर चेंबर आखूड असल्याचा दाट संशय घ्या आणि ती काडतुसं बाजूला ठेवा. उलट, 70 च्या चेंबरमध्ये 65 चालतं. मात्र पुढे काजळीचं कडं साचतं आणि नंतर लांब टोपण अडकून बसतं.

आपल्याकडे ओल आणि खारा वारा यांचा वेगळा हिशेब. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगतं. सुट्या नळीत ते स्वतःच्या वजनानं आत जायला आणि बाहेर यायला हवं. दाबावं लागलं तर वापरू नका. चामडी पट्ट्यात काडतुसं ठेवून देऊ नका, पितळेवर हिरवा थर चढतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. चेंबरला खोबरेल लावू नका: थंडीत थिजतं, नंतर चिकट होतं. बंदुकीचं पातळ तेल दोन थेंब पुरे, आणि बार काढण्याआधी तेही कोरड्या फडक्यानं पुसून टाका.