एन्झाइमचा निरोधक कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रयोगातून कसे ओळखावे

एखादा पदार्थ घातल्यावर एन्झाइमचा वेग निम्म्यावर आला, तर तो निरोधक आहे एवढेच कळते. तो नेमके काय करतो हे पाहायचे असेल, तर सब्स्ट्रेटचे, म्हणजे एन्झाइम ज्या पदार्थावर काम करते त्याचे, प्रमाण बदलत जावे लागते. सुरुवातीला अल्कलाइन फॉस्फटेज हे फॉस्फेट तोडून वेगळे करणारे एन्झाइम सोयीचे. रंगहीन पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेटपासून ते पिवळे पॅरा-नायट्रोफिनॉल तयार करते आणि हा रंग ४०५ नॅनोमीटरला मोजता येतो. निरोधक म्हणून सोडियम फॉस्फेट घ्या.

१. बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) ट्रिस या रसायनाचा, अल्कधर्मी घ्या. फॉस्फेट बफर अजिबात नको, तो स्वतःच निरोधक! निरोधकाच्या द्रावणाचा पीएच आधीच बफरइतका करून ठेवा. नाहीतर पीएच बदलल्यामुळे मंदावलेला वेग निरोधकाच्या नावावर जमा होतो. ही चूक फार वेळा होते.

२. सब्स्ट्रेटच्या पाच-सहा प्रमाणांच्या दोन मालिका लावा. एकीत ठरावीक फॉस्फेट, दुसरीत तेवढेच पाणी. एन्झाइम, तापमान आणि एकूण आकारमान सगळीकडे सारखे. एन्झाइम नसलेली एक नळीही हवी.

३. एन्झाइम सगळ्यात शेवटी घाला आणि पहिल्या एक-दोन मिनिटांतला, सरळ रेषेत वाढणारा भागच मोजा. पुढे सब्स्ट्रेट संपत जातो. शिवाय याच अभिक्रियेतून फॉस्फेट सुटते, म्हणजे निरोधक आपोआप वाढत राहतो.

४. आता १९३४ मध्ये लाइनविव्हर आणि बर्क यांनी सुचवलेला आलेख काढा: आडव्या अक्षावर सब्स्ट्रेटच्या प्रमाणाचा व्यस्तांक (१ भागिले प्रमाण), उभ्यावर वेगाचा. दोन्ही रेषा उभ्या अक्षावर भेटल्या तर निरोधक कॉम्पिटिटिव्ह. तो सब्स्ट्रेटच्याच जागेसाठी भांडतो, त्यामुळे सब्स्ट्रेट भरपूर असला की हरतो आणि कमाल वेग तोच राहतो. फॉस्फेट या गटातले. आडव्या अक्षावर भेटल्या तर नॉन-कॉम्पिटिटिव्ह (सब्स्ट्रेट असो वा नसो, दुसऱ्याच जागी बसणारा), समांतर राहिल्या तर अनकॉम्पिटिटिव्ह (सब्स्ट्रेट बसल्यावरच चिकटणारा). व्यस्तांकामुळे कमी प्रमाणांवरच्या चुका फुगतात, म्हणून त्या नळ्या दोनदा तपासा.

५. शेवटी विरलन. एन्झाइम आणि निरोधक थोडा वेळ एकत्र ठेवून मिश्रण शंभरपट पातळ करा. वेग परतला तर बंध तात्पुरता, नाही तर बहुधा कायमचा. उदाहरणार्थ, ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज या एन्झाइमला कायमचे चिकटते. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्याने नवे एन्झाइम बनत नाही आणि परिणाम त्या पेशीच्या आयुष्यभर टिकतो. ईडीटीए या धातू पकडून ठेवणाऱ्या रसायनाचे मात्र वेगळे आहे. ते फॉस्फटेजमधले झिंकच काढून नेते, म्हणून नुसत्या विरलनाने वेग परतला नाही तर थोडे झिंक घालून पाहा.