पायथनमध्ये गुणाकार: स्टार कुठे गोत्यात आणतो

गुणिलेसाठी शिफ्ट दाबून ८, म्हणजे स्टार. फुली चालत नाही. बीजगणिताच्या वहीतल्यासारखी दोन नावं शेजारी ठेवली तरी गुणाकार होत नाही, एरर येते. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या जागेची, नावं मराठीत चालतात. कोडमधले अंक मात्र इंग्रजीच टाका.

रक्कम = दर * नग

दोन स्टार म्हणजे घात: 2 ** 5 केलं की 32.

input() ने घेतलेला आकडा स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असतो. "12" * 3 ला एरर येत नाही, '121212' येतं. आधी int() लावून त्याचा आकडा करा.

खरी गोची लिस्टमध्ये, म्हणजे चौकोनी कंसातल्या यादीत, आहे. [0] * 7 लिहिलं की सात शून्यं मिळतात, इथवर ठीक. त्याच जोरावर मी तीन मुलांची आठवड्याची हजेरी अशी मांडली:

हजेरी = [[0] * 7] * 3
हजेरी[0][2] = 1

मोजणी शून्यापासून, म्हणजे पहिल्या मुलाचा तिसरा दिवस भरला. छापून बघतो तर तिघंही हजर! अर्धी रात्र मी हजेरी भरणारा लूप (तेच काम फेरीफेरीने करणारा कोड) तपासत बसलो, आणि चूक लूपमध्ये नव्हतीच. बाहेरचा स्टार ओळीच्या, म्हणजे आतल्या लिस्टच्या, प्रती काढत नाही, एकाच ओळीकडे तीनदा बोट दाखवतो. वही एकच, नावं तिघांची. आतली सात शून्यंही खरं तर एकच शून्य आहे, पण आकडा जागच्या जागी बदलत नाही; नवा दिला की तेवढी एक जागा त्याच्याकडे वळते. लिस्ट मात्र जागच्या जागी बदलते.

‘कॉपी लावा’ असं सांगणाऱ्यांनी स्वतः लावून पाहिलेलं नसतं. साधी कॉपी फक्त बाहेरच्या लिस्टची होते, आतली ओळ तीच राहते. आतल्या लिस्टच्याही प्रती काढणारी डीपकॉपीसुद्धा कामाची नाही: एकच ओळ तीनदा दिसली, तर प्रतीतही ती एकच ठेवते. मोडकं घर आहे तसं दुसरीकडे बांधून मिळतं.

ओळी वेगळ्याच बनवा:

हजेरी = [[0] * 7, [0] * 7, [0] * 7]

तीस मुलं असतील तर रिकामी लिस्ट घ्या आणि फॉर-लूपच्या प्रत्येक फेरीत [0] * 7 अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडा. हे [0] * 7 लूपच्या आतच लिहायचं. बाहेर एक ओळ तयार ठेवून तीच अपेंड करत राहिलात, तर पुन्हा तिघांच्या जागी तीसजण एकदम हजर.

खरी हजेरी भरण्याआधी एका ओळीतला एक आकडा बदला आणि बाकीच्या ओळी छापून बघा.