मराठवाड्यातून जर्मनीत डॉर्टमुंडला नगर नियोजन शिकायला येताना

तिकीट काढायच्या आधी आपल्या गावच्या नगरपरिषदेत एक चक्कर मारा. मंजूर विकास आराखडा, त्याचा अहवाल आणि सध्याचा जमीन वापर दाखवणारा नकाशा, तिन्ही हवेत. बरेच जण रंगीत नकाशा मिळाला की समाधान मानतात. पण लोकसंख्येचा अंदाज कशावरून बांधला, कुठली जागा कशासाठी आरक्षित ठेवली आणि का, हे अहवालातच असतं. भूमी अभिलेखातून गट नकाशा घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या असतात, त्या वर्षातून चार वेळा मोजतात; निदान दहा वर्षांच्या मागा. तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, अपिलाची वेळ आली तर आणखी दिवस जातात, म्हणून तीन महिने आधीच सुरुवात करा. प्रबंधाचा विषय आपल्या भागाचा घ्यायचा असेल तर हीच तुमची शिदोरी.

डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठातला स्प्रिंग हा नियोजनाचा इंग्रजीतला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८४ पासून चालू आहे. पहिलं वर्ष डॉर्टमुंडला, दुसरं दुसऱ्या देशातल्या भागीदार विद्यापीठात. त्यामुळे खोलीचा दोन वर्षांचा करार करू नका. मुदत न घातलेला करार मोडायचा तर साधारण तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं, आणि अनामत म्हणून तीन महिन्यांपर्यंतचं मूळ भाडं अडकलेलं असतं. जाहिरातीतलं 'काल्ट' भाडं म्हणजे नुसत्या खोलीचं. 'वार्म'मध्ये हीटिंग, पाणी वगैरे खर्च धरलेला असतो. तुलना नेहमी वार्म भाड्याची करा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं आणि कुठे आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. एपीएस प्रमाणपत्राच्या (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) अर्जापासून बँकेपर्यंत सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. पहिल्या महिन्यात अनामत आणि भाडं एकदमच द्यावं लागतं, म्हणून थोडे पैसे वेगळे ठेवा.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्याला घरमालकाच्या सहीचा ठरावीक फॉर्म लागतो. किल्ली घेतानाच तो मागून घ्या. आणि त्याच दिवशी टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. इथे पोस्टमन खोली नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर कर क्रमांकाचं पत्र, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड सगळं परत जातं आणि पुढची कामं अडकतात. मित्राच्या खोलीत राहत असाल तर त्याच्या नावाखाली तुमचंही हवं.

खाण्याचं थोडक्यात: येसर, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी खुशाल आणा. तूप, खवा, पेढे आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

आता अभ्यास. एका सत्राला ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, म्हणजे सत्राला ७५० ते ९०० तास. तासिका कमी दिसतात म्हणून फसू नका, उरलेला वेळ वाचनाचा आणि गटप्रकल्पाचा आहे. गुण उलटे चालतात: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. आपल्या टक्क्यांचं गणित असं: १०० मधून आपले टक्के वजा करा, त्याला १०० आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा यांतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. मर्यादा ४० असेल तर ६८ टक्क्यांचे २.६ होतात.

नकाशा वाचताना आपल्याकडची सवय आड येते. आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने मंजूर झालेल्या आराखड्यातलं आरक्षण थेट गट नंबरवर बसतं. इथे सबंध शहराचा फ्लेशननुट्सुंग्सप्लान, म्हणजे जमीन वापराचा आराखडा, प्रशासनाला बांधतो, जमीनमालकाला थेट नाही. मालकाला बांधतो तो बेबाउउंग्सप्लान, म्हणजे बांधकामाचा तपशीलवार आराखडा, जो एखाद्या वस्तीपुरता असतो. त्यात जीआरझेड ०.४ लिहिलं असेल तर ५०० चौरस मीटरच्या भूखंडावर २०० चौरस मीटर जागा इमारतीखाली येऊ शकते. जीएफझेड १.२ म्हणजे सगळे मजले मिळून ६००. हा आपल्या एफएसआयचा (चटई क्षेत्र निर्देशांकाचा) भाऊ, पण मोजायचे फक्त पूर्ण मजले. रोमन आकडा मजल्यांची मर्यादा सांगतो. इमारतीने निळी रेघ ओलांडायची नाही, मागे राहिली तर चालतं. लाल रेघेवर मात्र इमारतीची भिंत यावीच लागते. पहिल्या प्रकल्पात हमखास चूक होते ती या दोन रेघांत.

म्हणून जर्मन शिका, वर्ग इंग्रजीत असले तरी. नकाशाशेजारचा मजकूर, हरकतींची सुनावणी, पालिकेतलं अर्धवेळ काम, सगळं जर्मनमध्ये चालतं. निघण्यापूर्वी ए२ ही भाषेची दुसरी पायरी झालेली असावी. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं.

सुट्टीच्या दिवशी डॉर्टमुंडच्याच ह्योर्डे भागातलं फिनिक्स तळं बघा. पोलाद कारखान्याच्या जागेवर २४ हेक्टरचं पाणी उभं केलंय. शेजारून एम्शर नदी वाहते. खाणींमुळे जमीन खचायची, भुयारी गटार टिकत नव्हती, म्हणून शंभर वर्षांहून जास्त काळ सांडपाणी याच नदीतून उघड्यावर वाहत होतं. २०२१ च्या अखेरीस ते पूर्ण थांबलं. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी पाहिलेल्या कुणालाही हे बघून हुरूप येईल, यायलाच हवा. पण प्रबंधात ते जसंच्या तसं उचलू नका. इथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, आपला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. इथे पाणी जिरवायला अंगणात उथळ खळगे करतात. आपली काळी जमीन भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही, आणि तिच्याखाली बेसॉल्ट. तिथे पाणी नेमकं कुठे मुरतं हे खळग्याच्या आकृतीवरून कळणार नाही; त्यासाठी सोबत आणलेल्या विहिरींच्या पातळ्या उघडा आणि पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडा.