फाइल नुसती बघितली, तरी एक्सेल ‘सेव्ह करू का?’ का विचारतं

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीची मेंटेनन्सची शीट घ्या. खजिनदार फाइल उघडतात, थकबाकी बघतात, बंद करायला जातात. एकाही सेलला हात लावलेला नसतो, तरी एक्सेल विचारतंच: बदल सेव्ह करायचे का? रोज हेच झालं की बोट आपोआप ‘डोन्ट सेव्ह’वर जातं. ज्या दिवशी बारा फ्लॅटच्या पावत्या खरोखर चढवलेल्या असतात, त्याही दिवशी तिथंच जातं. म्हणून आधी ही चौकट येते कशामुळे ते शोधा.

बहुतेक वेळा मूळ असतं ‘टुडे’ या फंक्शनमध्ये. थकबाकीचे दिवस मोजायला कुणीतरी ते घातलेलं असतं. टुडे, नाऊ, रँड, ऑफसेट, इनडायरेक्ट ही मंडळी फाइल उघडताच पुन्हा गणित मांडतात, आणि एक्सेलच्या लेखी तो बदलच. कंट्रोल-एफ दाबा, ऑप्शन्समध्ये ‘विदिन’ला वर्कबुक आणि ‘लुक इन’ला फॉर्म्युलाज निवडा, फंक्शनचं नाव उघड्या कंसासकट टाका आणि ‘फाइंड ऑल’ करा. नेम्ड रेंजमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या सेलच्या गटात, दडलेलं ऑफसेट यात सापडत नाही. त्यासाठी कंट्रोल-एफ३ नं नेम मॅनेजर उघडा.

टुडे सापडलं, की एका रिकाम्या सेलमध्ये, समजा बी१ मध्ये, कंट्रोल धरून अर्धविरामाची कळ दाबा. आजची तारीख उमटते आणि उद्या ती बदलत नाही. फॉर्म्युल्यात टुडे आणि त्यापुढचे कंस खोडून बी१ लिहा, लगेच एफ४ दाबा, म्हणजे फॉर्म्युला खाली ओढला तरी संदर्भ सरकणार नाही. बिलं काढायच्या दिवशी तेवढी तारीख बदलायची.

यावर कॅल्क्युलेशन मॅन्युअल करून टाकायचा, म्हणजे आपण सांगेपर्यंत एक्सेलनं काही मोजायचंच नाही असं ठरवायचा, सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. ती सेटिंग एका फाइलपुरती राहत नाही, सोबत उघडलेल्या सगळ्या वर्कबुकना लागते. आकडा बदलला तरी बेरीज जुनीच दिसते, आणि हे कळतं ऑडिटच्या वेळी.

असं फंक्शन कुठंच नसेल, तर फाइल जुन्या एक्सेलमध्ये सेव्ह झालेली असण्याची शक्यता मोठी. नवं एक्सेल ती उघडताना सगळं नव्यानं मोजतं. एकदा ‘सेव्ह’ म्हटलं की विषय मिटतो. मात्र घरी नवं आणि सोसायटीच्या ऑफिसात जुनं एक्सेल असेल, तर फाइल तिकडं सेव्ह होऊन आली की प्रश्न पुन्हा हजर.

एक्सेलऐवजी फुकटचं लिबरऑफिस वापरत असाल, तर त्याची तऱ्हा वेगळी. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची फाइल सेव्ह करताना ते दर वेळी ‘ओडीएफ वापरा’ म्हणतं; ओडीएफ हा त्याचा स्वतःचा फाइल-प्रकार. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल असं जा आणि ‘वॉर्न व्हेन नॉट सेव्हिंग इन ओडीएफ ऑर डिफॉल्ट फॉरमॅट’ची खूण काढा.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या मजकुराची साधी फाइल, सेव्ह करतानाची डेटा गमावला जाण्याची सूचना मात्र वाचा. सीएसव्हीत फक्त समोरची शीट जाते, फॉर्म्युले जातात तेही नुसते आकडे होऊन. साधा ‘कॉमा डिलिमिटेड’ प्रकार निवडलात तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. शिवाय तीच फाइल एक्सेलमध्ये परत उघडली, की पुण्याच्या एसटीडी कोडचा, ०२० चा, २० होतो. तशीच सेव्ह केलीत तर शून्य कायमचं गेलं.

आणि घाईत ‘डोन्ट सेव्ह’ दाबलंच, तर? फाइल पुन्हा उघडा, फाइल मेनूत इन्फोवर जा, ‘मॅनेज वर्कबुक’समोर न सेव्ह केलेली प्रत दिसते का बघा. ती दिसायला ऑप्शन्सच्या सेव्ह पानावर ऑटोरिकव्हर (ठरावीक मिनिटांनी आपोआप प्रत ठेवण्याची सोय) आणि त्याखालची, सेव्ह न करता बंद केल्यास शेवटची प्रत ठेवण्याची, अशा दोन्ही खुणा आधीपासून असाव्या लागतात. ऑटोरिकव्हरसाठी तिथं मुळात १० मिनिटं असतात, ५ करा. काम चार मिनिटांचंच असेल, तर पावत्या पुन्हा चढवायला बसा.